दुभत्या गाईचे आंबोण : दुधाच्या मापाने

सायंकाळी धारा काढण्याची वेळ झाली की बहुतेक गोठ्यांत एकच दृश्य दिसते. दावणीला तीन-चार गाई बांधलेल्या असतात. घरातील कोणीतरी आंबोणाचे घमेले घेऊन येतो आणि एकाच डब्याने मोजून प्रत्येक गाईपुढे सारखाच वाटा टाकतो. एकीला जास्त आणि दुसरीला कमी देणे हा पंक्तिप्रपंच होईल, अशी भावना त्यामागे असते. माणसांच्या पंगतीत ही समदृष्टी शोभते. गोठ्यात मात्र तिच्यामुळे ज्या गाईच्या दुधावर घर चालते तीच गाय अर्धपोटी राहते.

उदाहरणार्थ, एका शेतकऱ्याकडे प्रत्येकी सुमारे ४०० किलो वजनाच्या तीन संकरित गाई आहेत, असे समजावे. पहिली दिवसाला १२ लिटर, दुसरी ८ लिटर आणि तिसरी ४ लिटर दूध देते. उन्हाळ्याचे दिवस आहेत, हिरवी वैरण नाही, ज्वारीच्या कडब्याची कुटी तेवढी आहे. शेतकरी प्रत्येक गाईला दिवसाकाठी साडेचार किलो, म्हणजे तिघींना मिळून साडेतेरा किलो आंबोण घालतो. पुढे दिलेल्या हिशेबाने पाहिले तर पहिलीला ६ किलो, दुसरीला साडेचार किलो आणि तिसरीला ३ किलो मिळावयास हवे. या तीन आकड्यांची बेरीजही साडेतेरा किलोच होते. पेंडीचे एक मूठभरही जादा खर्च न करता केवळ वाटणी बदलावयाची आहे. आजच्या वाटणीत दुसऱ्या गाईचा वाटा योगायोगाने बरोबर पडतो. पहिलीच्या तोंडचे दीड किलो मात्र तिसरीच्या गव्हाणीत जाते.

ही चूक लवकर ध्यानात येत नाही, याचे कारण असे की पहिली गाय दुसऱ्याच दिवशी दूध कमी करीत नाही. नुकती व्यालेली चांगली दुधाळ गाय आहार अपुरा पडला तरी काही आठवडे दूध देतच राहते. आपल्या अंगावरील चरबी आणि मांस झिजवून ती कासेत दूध उतरविते. फासळ्या दिसू लागतात, कमरेची हाडे वर येतात, पाठीवरील तकाकी जाते. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत तिने माजावर यावयास हवे, ती येत नाही. आली तरी गाभ धरीत नाही. पुढे दूधही वेळेआधीच उतरते. मग गायीला दृष्ट लागली असे कोणी म्हणतो, कोणी संकरित जातीलाच दोष देतो, आणि गोठ्यातील सर्वांत चांगली गाय बाजारात जाते. तिसरी गाय या काळात अंगाने भरून तुकतुकीत दिसत असते आणि पाहणारे तिचेच कौतुक करतात.

शरीराचा वाटा आणि दुधाचा वाटा

गाय जे खाते त्याचे दोन भाग करून विचार करावा. श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, चालणे-फिरणे, अंगाची ऊब टिकविणे यांसाठी लागणारा आहार हा शरीराचा वाटा होय. गाय एक थेंबही दूध देत नसली तरी हा वाटा तिला द्यावाच लागतो आणि तो तिच्या वजनावर अवलंबून असतो. दुधासाठी लागणारा आहार हा दुसरा वाटा. तो गाईच्या आकारावर किंवा दिसण्यावर नसून ती किती दूध देते आणि त्या दुधात स्निग्धांश किती असतो यावर अवलंबून असतो.

हे वाटे मोजण्यासाठी आहारशास्त्रात दोन मापे वापरतात. पहिले माप पचनीय प्रथिनांचे. दुधातील प्रथिने, वासराची वाढ आणि शरीराची झीज भरून काढणे ही कामे त्यांच्याकडे असतात. दुसरे माप एकूण पचनीय द्रव्यांचे. खाल्लेल्यापैकी जेवढे पचून शरीराला शक्ती देते ते सर्व त्यात येते. ४०० किलो वजनाच्या गाईला केवळ शरीरासाठी दररोज सुमारे २५० ग्रॅम पचनीय प्रथिने आणि सुमारे ३ किलो पचनीय द्रव्ये लागतात. ४ टक्के स्निग्धांशाच्या दर लिटर दुधामागे आणखी सुमारे ४५ ग्रॅम पचनीय प्रथिने आणि सुमारे ३१५ ग्रॅम पचनीय द्रव्ये लागतात.

आता वरील गाई पुन्हा पाहाव्यात. १२ लिटर दूध देणाऱ्या गाईची एकूण गरज ७९० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ पावणेसात किलो पचनीय द्रव्ये एवढी होते; ४ लिटर देणारीची ४३० ग्रॅम आणि सव्वाचार किलो. पहिल्या गाईच्या बाबतीत दुधाचा वाटा शरीराच्या वाट्याहूनही मोठा आहे. दोघींची भूक डोळ्यांना सारखी दिसली तरी त्यांच्या गरजेत एवढे अंतर असते.

स्निग्धांश जास्त तर आहारही जास्त, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हशीच्या ७ टक्के स्निग्धांशाच्या दुधाला गाईच्या ४ टक्के स्निग्धांशाच्या दुधाच्या सुमारे १.४ पट आहार लागतो. होल्स्टीन संकरित गाईच्या मानाने गीर गाईचे दूध दाट असते. दोघींचे लिटर सारखे असले तरी गीर गाईचा वाटा थोडा सढळ धरावा. दूध संस्थेत दररोज मिळणाऱ्या पावतीवर स्निग्धांशाचा आकडा असतोच. तो केवळ भावासाठी न वाचता आहारासाठीही वाचावा.

पोट भरणे आणि पोषण होणे

गाय दिवसाला तिच्या दर १०० किलो वजनामागे सुमारे अडीच ते तीन किलो कोरडा अंश खाऊ शकते. कोरडा अंश म्हणजे वैरणीतील व आंबोणातील पाणी वगळून उरणारा भाग. ४०० किलो वजनाच्या गाईच्या पोटात १० ते १२ किलो कोरडा अंश मावतो, त्याहून अधिक नाही. म्हणून कडबा भरपूर घातला की दूध वाढेल ही समजूत फार दूरवर जात नाही. कडब्याने पोट भरते आणि दुधाला लागणाऱ्या आहारासाठी जागाच उरत नाही.

ज्वारीच्या कडब्यातील जवळजवळ निम्मा भाग पचनीय असतो. पण १०० किलो कडब्यातून पचनीय प्रथिने जेमतेम १ किलो मिळतात. गाईने प्रत्यक्ष खाल्लेल्या, म्हणजे पायदळी तुडविलेला व गव्हाणीत उरलेला भाग सोडून पोटात गेलेल्या ६ किलो कडब्यातून तिला सुमारे ३ किलो पचनीय द्रव्ये मिळतात. शरीराची शक्तीची गरज एवढ्यात भागते. प्रथिने मात्र २५० ग्रॅमऐवजी केवळ ६० ग्रॅम मिळतात. उरलेल्या १९० ग्रॅमची भरपाई चांगल्या प्रतीचे सव्वा किलो आंबोण करते. केवळ कडब्यावर असलेल्या गाईला शरीरासाठी सव्वा किलो आंबोण द्यावे असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

दुधासाठी गाईला दर अडीच लिटर दुधामागे १ किलो, म्हणजे लिटरला ४०० ग्रॅम आंबोण द्यावे. म्हशीला दर २ लिटर दुधामागे १ किलो द्यावे. काटेकोर हिशेबाने हे प्रमाण थोडे सढळ आहे, आणि ते तसे असणेच योग्य. घरी केलेले आंबोण नेहमी ठरल्या प्रतीचे असतेच असे नाही, कडब्याची प्रत पावसात भिजून उतरते, आणि गाय रोज सारखी खात नाही. या नियमाने १२ लिटरच्या गाईचा आकडा शरीरासाठी सव्वा किलो आणि दुधासाठी ४ किलो ८०० ग्रॅम, मिळून सुमारे ६ किलो असा येतो. साडेचार किलोवर ठेवलेल्या त्याच गाईला दररोज सुमारे ६३० ग्रॅम पचनीय द्रव्ये कमी पडतात. ही तूट २ लिटर दुधाच्या आहाराएवढी आहे. तिसऱ्या गाईला साडेचार किलो दिल्याने तिच्या गरजेपेक्षा जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम पचनीय द्रव्ये जास्त जातात, आणि त्यांची चरबी होते.

कोकणात आणि भंडारा, गोंदिया या भातपट्ट्यात कडब्याऐवजी भाताचा पेंढा घालतात. पेंढ्यात पचनीय प्रथिने जवळजवळ नसतातच आणि त्याची पचनीयताही कडब्याहून कमी असते. तेथे शरीराचा वाटा सव्वा किलोऐवजी पावणेदोन किलो धरावा.

ऊसपट्ट्यात एक वेगळाच गैरसमज आढळतो. गळिताच्या हंगामात वाढे मुबलक मिळते. ते हिरवे दिसते म्हणून हिरवी वैरण मिळाली असे मानून शेतकरी आंबोण कमी करतात. वाढ्यात प्रथिने नाममात्र असतात. शिवाय त्यातील ऑक्झॅलेट हे द्रव्य आहारातील चुन्याच्या अंशाला बांधून ठेवते, आणि दुधावाटे आधीच चुना गमावणाऱ्या गाईला तो आणखी कमी पडतो. वाढे घालू नये असे नाही. ते पोट भरण्यापुरते, कुटी करून, द्विदल वैरणीबरोबर घालावे, खनिज मिश्रण चुकवू नये, आणि आंबोणाचा हिशेब मांडताना वाढ्याला कडब्याच्याच रांगेत बसवावे.

हिरव्या वैरणीने आंबोण किती वाचते

सुमारे ६ ते ८ किलो लसूणघास, बरसीम किंवा चवळी प्रथिनांच्या दृष्टीने १ किलो आंबोणाचे काम करते. गिनी गवत किंवा संकरित नेपिअर यांसारखे गवत असेल तर त्यासाठी सुमारे २० किलो लागते. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला बारमाही थोडे तरी पाणी आहे त्याने काही गुंठ्यांत लसूणघास का लावावा, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वरील १२ लिटरच्या गाईला ४ किलो कडबा कुटी, १५ किलो संकरित नेपिअर आणि ५ किलो लसूणघास मिळू लागला, तर तिच्या शरीराचा संपूर्ण वाटा वैरणीतूनच निघतो आणि पहिल्या २ लिटर दुधाचेही भागते. आंबोण तिसऱ्या लिटरपासून मोजावयाचे. १० लिटरला लिटरमागे ४०० ग्रॅमप्रमाणे ४ किलो पुरते. पूर्वी ६ किलो लागत होते. रोजची २ किलोंची ही बचत एका गाईची आहे.

कोवळा, दंवाने ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ल्यास गाईचे पोट फुगते. तो कापून काही तास सुकू द्यावा आणि कडब्याच्या कुटीत मिसळूनच घालावा. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी असते. ती जनावरांना घालू नये.

आंबोण कसे करावे

मोजमाप कितीही नेटके असले तरी डब्यात काय आहे यावर सर्व अवलंबून आहे. पुष्कळ ठिकाणी आंबोण म्हणजे केवळ सरकी पेंड, किंवा केवळ गव्हाचा कोंडा. पेंडीत प्रथिने अधिक, भरड्यात शक्ती अधिक, कोंड्यात स्फुरद अधिक. एकट्या कोणत्याही पदार्थाने काम भागत नाही. १०० किलो मिश्रणासाठी मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ३५ किलो, भुईमुगाची पेंड १५ किलो, सरकी पेंड १५ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो, तुरीची चुनी १२ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो असे प्रमाण घ्यावे. त्यात सुमारे साडेचौदा टक्के पचनीय प्रथिने आणि ७० टक्के पचनीय द्रव्ये येतात. वर केलेला सर्व हिशेब अशाच आंबोणाला धरून आहे. गावात जो पदार्थ स्वस्त असेल त्याप्रमाणे फेरबदल करण्यास हरकत नाही. हरभऱ्याची चुनी, करडईची किंवा सोयाबीनची पेंडही चालते. बदल करताना एका पेंडीऐवजी दुसरी पेंड आणि एका धान्याऐवजी दुसरे धान्य घ्यावे. पेंडीऐवजी कोंडा घेऊन पोते स्वस्त पडले तरी दूध महाग पडते.

तयार पशुखाद्य घेणाऱ्याने पिशवीवरील मजकूर वाचावा. भारतीय मानक २०५२ प्रमाणे पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या खाद्यात किमान २० टक्के एकूण प्रथिने असावी लागतात. ही एकूण प्रथिने आहेत, पचनीय नव्हेत. दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

बुरशी आलेली भुईमुगाची पेंड किंवा मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्या बुरशीचे विष गाईच्या यकृताला बाधते, तेथेच न थांबता दुधात उतरते, आणि ते दूध घरातील मुलेही पितात. पेंड जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी.

आंबोण भिजवावयाचे तर धारेपूर्वी थोडे पाणी शिंपडून ओलसर करावे. सकाळचे भिजविलेले आंबोण उन्हाळ्यात सायंकाळपर्यंत आंबते व गाय ते टाकते. ६ किलो आंबोण एकाच वेळी घालू नये. एका वेळेस दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त गेल्यास पोटात आम्ल वाढून रवंथ मंदावते, शेण पातळ होते आणि दुधातील स्निग्धांशही उतरतो. दोन्ही धारांच्या वेळी आणि दुपारी अशी तीन वेळा विभागणी करावी. एकूण कोरड्या अंशात आंबोणाचा भाग निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये. आहारातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

पाण्याचा उल्लेख आहाराच्या लेखात राहून जातो. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. दोन वेळा बादली दाखविण्याऐवजी गाईला हवे तेव्हा स्वच्छ पाणी पिता येईल अशी सोय केली, तर पेंड न वाढविताही काही गोठ्यांत दूध वाढलेले दिसते.

कधी दुधाच्या पुढे, कधी दुधाच्या मागे

दुधाच्या मापाने आंबोण हा नियम वेताच्या सर्व काळात एकाच रीतीने लावता येत नाही. व्याल्यानंतर गाईचे दूध चढत जाऊन सहा ते आठ आठवड्यांत कळसाला पोहोचते. तिची भूक मात्र मागून येते. ती पूर्ण खुलण्यास दहा-बारा आठवडे लागतात. या मधल्या काळात दूध आज जेवढे आहे तेवढ्यापुरतेच आंबोण दिले तर दूध आहे तेथेच थांबते. म्हणून या काळात आंबोण दुधाच्या पुढे असावे. व्याल्यानंतरचे चार-पाच दिवस हलका, सारक आहार द्यावा, कोंड्याचे प्रमाण जास्त ठेवावे. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा अर्धा किलो वाढवीत जावे आणि हिशेबाने येणाऱ्या आकड्यापेक्षा अर्धा ते एक किलो जास्त द्यावे. दूध वाढत आहे तोवर वाढवावे. आठवडाभर दूध स्थिर राहिले की वाढ थांबवावी. कळसाला गाय जेथे पोहोचते त्यावर पुढील सर्व महिन्यांचे दूध ठरते. या सहा-आठ आठवड्यांत वाचविलेली पेंड नंतर दुप्पट घालूनही गेलेले दूध परत आणीत नाही.

तीन महिन्यांनंतर दूध हळूहळू उतरू लागते. आता आंबोण दुधाच्या मागून जावे. दर दहा-पंधरा दिवसांनी दूध मोजून त्याप्रमाणे कमी करावे. मात्र खंगलेल्या गाईचे आंबोण ती अंग धरीपर्यंत कमी करू नये.

सहा महिन्यांची गाभण झाल्यावर हिशेबात तिसरा वाटा येतो, तो पोटातील वासराचा. गावठी गाईला सव्वा किलो आणि संकरित गाईला पावणेदोन किलो आंबोण यासाठी वेगळे द्यावे. येथे सुरुवातीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळावे लागते. ४ लिटर देणारी ती तिसरी गाय जर सात महिन्यांची गाभण असेल, तर तिचा वाटा ३ किलो नसून पावणेपाच किलो होतो. तिला मिळणारे साडेचार किलो तेव्हा उधळपट्टी ठरत नाही, उलट थोडे कमीच पडते. पहिल्या गाईचे ६ किलो तेव्हाही तिला मिळावयासच हवेत; त्या गोठ्यात साडेतेरा किलो पुरणार नाहीत आणि पेंड खरोखरीच वाढवावी लागेल. म्हणून रेतनाची तारीख माहीत असल्याशिवाय केवळ कमी दूध पाहून कोणत्याही गाईचे आंबोण तोडू नये.

विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवावी. आटवताना चार-आठ दिवस आंबोण कमी करावे, दूध थांबले की वासराचा वाटा पुन्हा सुरू करावा आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तो थोडा थोडा वाढवावा. पोटातील जंतूंना आंबोणाची सवय राहिली म्हणजे व्याल्यानंतरची वाढ गाईला बाधत नाही. पहिलारू गाय स्वतःही वाढत असते. तिच्या शरीराच्या वाट्यात पहिल्या वेतात पाचवा हिस्सा आणि दुसऱ्या वेतात दहावा हिस्सा अधिक धरावा.

वजन आणि माप

गाईचे वजन काट्यावर करणे खेड्यात शक्य नसते. कापड मोजण्याची फीत त्यासाठी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा किलोंत वजन दाखवितो. घेर ६६ इंच आणि लांबी ६० इंच असेल तर वजन ३९६ किलो येते.

दूध दर दहा दिवसांनी एकदा, सकाळ आणि सायंकाळ दोन्ही वेळचे, प्रत्येक गाईचे वेगळे मोजावे. फेस खाली बसू द्यावा. वासराला एखादा सड पाजण्यासाठी सोडला जातो, ते दूधही गाईनेच तयार केलेले असते. अंदाजाने ते मिळवावे. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने किंवा खडूने गाईचे नाव, तारीख, दूध आणि आंबोण एवढे चार रकाने पुरेत. आणंद येथील राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ पासून, अनेक राज्यांत प्रशिक्षित माणसे घरोघर पाठवून गाईचे वजन, दूध आणि घरची वैरण यांवरून संगणकाने आहार काढून देण्याचे काम केले. संगणकाला लागणारी माहिती हीच असते. फीत, तराजू आणि भिंत असली की स्थूलमानाने तोच हिशेब घरी होतो.

आंबोणाचा डबाही एकदा तराजूवर घालावा. डबाभर कोंडा आणि डबाभर पेंड यांच्या वजनात मोठे अंतर असते. मिश्रण बदलले की डबा पुन्हा तोलून आतील बाजूस १ किलोची खूण करावी. घरातील लहान मुलाच्या हातूनही मग चूक होत नाही.

किती वाढवावे आणि कोठे थांबावे

आंबोण वाढविल्याने गाईच्या अंगी नसलेले दूध येत नाही. खिलार गाय ही बैलांसाठी नावाजलेली जात आहे. ती दोन-तीन लिटर देत असेल तर ६ किलो पेंड घालून ती १० लिटर देणार नाही. संकरित गाईच्या बाबतीतही मर्यादा असतेच, ती कोठे आहे हे गाईलाच विचारावे लागते. एका आठवड्यासाठी रोज अर्धा किलो आंबोण वाढवावे. वाढलेल्या दुधाची किंमत त्या अर्ध्या किलोच्या किमतीपेक्षा जास्त आली, तर आणखी अर्धा किलो वाढवून पाहावे. दूध वाढले नाही किंवा वाढलेल्या दुधात पेंडीचे पैसे निघाले नाहीत, तर एक पाऊल मागे यावे. जी गाय आधी अर्धपोटी होती, तिच्या बाबतीत पहिले काही दिवस जादा आंबोण अंग भरण्यात जाते; तिला दोन आठवड्यांची मुदत द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट सभेत सांगण्यापेक्षा एका गोठ्यात करून दाखवावी. तीन-चार गाई असलेला, नियमाने दूध घालणारा शेतकरी निवडावा. पहिला आठवडा काहीही न बदलता प्रत्येक गाईचे दूध आणि आंबोण भिंतीवर लिहून ठेवावे. रेतनाच्या तारखा विचाराव्यात, छातीचे घेर मोजावेत आणि प्रत्येक गाईचा वाटा शेतकऱ्यासमोर, त्याच्याच हाताने लिहून काढावा. जेथे सर्व गाईंचे वाटे मिळून आहे तेवढ्याच आंबोणात बसतात, तेथे एकूण आंबोण तेवढेच ठेवून केवळ वाटणी बदलावी, म्हणजे खर्च वाढल्याची शंका येणार नाही. बदल दहा दिवसांत पुरा करावा. जास्त दूध देणाऱ्या गाईचे दूध पुढील एक-दोन आठवड्यांत हलू लागते. कमी दूध देणारीचे दूध सहसा उतरत नाही. उतरलेच तर तिला अर्धा किलो परत द्यावा आणि तिच्या गाभणपणाची पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासणी करून घ्यावी. महिन्याच्या शेवटी दूध संस्थेच्या दोन महिन्यांच्या पावत्या भिंतीवरील आकड्यांशेजारी लावाव्यात आणि शेजारच्या शेतकऱ्यांना धारेच्या वेळी त्या गोठ्यात बोलवावे.